सहा नंबरचं मशीन चालू आहे

हिराजी, त्या कारखान्याच्या साहेबाने तुला फसवलं आणि तू मला फसवलंस.

काल तुझं तेरावं झालं. त्याआधी दहाव्याला तुमच्या करावे गावच्या खाडीकाठी पिंडाला कावळा लगेच शिवला. तुझे भाऊबंद म्हणाले, चला, हिराजीची काही इच्छा राहिली नव्हती. हा कावळासुद्धा साहेबानेच पाठवला असेल असं मनात आलं. तुझी एक इच्छा राहिली आहे, ती कुठे आहे हे मला माहीत आहे. रबाळ्यात, एका टेबलाखाली आहे. आणि तिच्यावर सील आहे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी एकदाच सांगतो. शनिवारी दुपारी तू त्या कारखान्याच्या नायट्रोजनच्या खोलीत सापडलास. टेबलाखाली वाकलेला होतास, गुडघे जमिनीवर, उजवा हात मशीनच्या बटणाकडे लांब केलेला. नायट्रोजन काही विषारी नाही, आपण रोज श्वासात घेतो त्या हवेतच तो असतो. पण कोंडलेल्या खोलीत गळायला लागला की श्वासापुरती हवा उरत नाही. त्याला वास नसतो. खोकला येत नाही, डोळे चुरचुरत नाहीत. माणूस बसतो आणि उठत नाही. खोलीतली हवा बिघडली की भोंगा वाजवायचा, हे काम तिथल्या सहा नंबरच्या मशीनचं. त्या दुपारी ते मशीन बंद होतं. भोंगा वाजला नाही. गेटवरच्या वहीत तुझ्या नावापुढे, कामाचं स्वरूप या रकान्यात तुझ्याच अक्षरात लिहिलंय: खाजगी.

आता साहेब तोच शब्द धरून बसलेत. "तुमचा माणूस आमच्या कामाला आलाच नव्हता."

तुला आठवतं, आपली पहिली भेटच भांडणाची. मी माण तालुक्यातून एक पत्र्याची पेटी घेऊन आलो होतो. मोठ्या कंपन्या आपली वर्कस्टेशन्स, म्हणजे कामाचे दणकट कॉम्प्युटर, चार-पाच वर्षांत काढून टाकतात आणि छोटे कारखाने तीच मशीन पुढे पंधरा वर्षं वापरतात, एवढं माझ्या लक्षात आलं होतं. मधल्या जागेत उभं राहून भाव करायचा, हे मला आईच्या दुधाबरोबर आलेलं. मशीनच्या आत काय असतं ते मात्र कळत नव्हतं. लिलावाच्या शेडमध्ये तू एका थप्पीजवळ कान लावून उभा होतास. मी विचारलं, "काय ऐकतोस?" तू म्हणालास, "एक बारीक बीप वाजला का मशीन बरा. तीन वाजले का भंगार. तुमी बोलत राहिलात तर मना दोन्ही ऐकू येनार नाय."

तेव्हापासून वीस वर्षं मी बोललो आणि तू ऐकलंस.

आपल्या धंद्यातला एक शब्द तू मला शिकवलास, भांडून. बेलापूरच्या एका आर्किटेक्टला आपण मशीन दिलं होतं. देण्याआधी मी विचारलं, "झालं का?" तू म्हणालास, "चालू हाय." मी ते देऊन आलो. चौथ्या दिवशी आर्किटेक्टची अर्धी इमारत पडद्यावरून गायब झाली आणि त्याने सगळ्या ऑफिससमोर माझी लाज काढली. मी परत येऊन तुझ्यावर ओरडलो. तू शांतपणे स्क्रू वाटीत टाकत होतास.

"मी झाला बोललो का?"

"चालू आहे म्हणालास की!"

"मंग? चालू म्हंजे तुज्यासारखा चालू. दिसायला बरा, भरवसा नाय. झाला म्हंजे झाला. दोन शब्द हायेत शेठ, दोन कान हायेत, एकेक वाटून घे."

मी तुला त्या दिवशी कामावरून काढून टाकलं. दुसऱ्या दिवशी तू डब्यात निवट्यांचं कालवण आणि तांदळाच्या भाकऱ्या घेऊन आलास, जणू काही घडलंच नव्हतं. माणच्या माळावरच्या माणसाने तोवर खाडीतला मासा चाखला नव्हता. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या. पुढे वीस वर्षं आपल्यात तो कायदा राहिला. तू "झाला" म्हणालास की मी सही करायचो. तू "चालू हाय" म्हणालास की मी गिऱ्हाइकाला चहा पाजत बसायचो आणि वेळ काढायचो.

जुन्या मशीनच्या फर्मवेअरवरून आपला वाद कधी मिटला नाही. बटण दाबल्यावर मशीनमध्ये सगळ्यांत आधी जागी होते ती बोर्डावर कोरलेली बारकी अक्कल, तेच फर्मवेअर. मी म्हणायचो, गिऱ्हाईक मागतंय तर नवं टाकून दे. तू म्हणायचास, "म्हातारा जेवताना त्याची कवळी बदलू नये." कारण ते टाकत असताना लाईट गेली की बोर्ड मेला, पुन्हा उठत नाही. आणि नीट पार पडलं तरी मशीन आपल्या सगळ्या सवयी विसरतं. तारीख, जुने पोर्ट, सगळं. त्यातली एक सवय तू नेहमी आधी तपासायचास: लाईट जाऊन परत आली की मशीनने आपोआप उठायचं की झोपून राहायचं. नव्या फर्मवेअरनंतर ते झोपून राहतं, पुन्हा सांगावं लागतं. आणि सांगितलेलं त्याच्या लक्षात राहायला बोर्डावरचा तो बटणाएवढा सेल धड असावा लागतो. सेल संपलेला असला तर तासभर लाईट गेली की मशीन तुझं सांगणं विसरतं.

म्हणून तू प्रत्येक मशीनच्या सवयी आधी शाळेच्या वहीत उतरवून घ्यायचास. आधी सेल, मग फर्मवेअर, हा तुझा क्रम. काम सुरू झालं की चहाचा स्टीलचा पेला पुसून स्विचवर उपडा ठेवायचास, कोणाचा हात चुकून लागू नये म्हणून. "जाला टाकलाय, बोलू नको." तुमच्या घरात जाळं पाण्यात असताना कोणी बोलत नसे, तसं. वीस वर्षांत मी एवढा एकाच गोष्टीपुढे गप्प बसलो असेन, त्या पेल्यापुढे.

रबाळ्याचं काम मी आणलं. माझ्या घासाघिशीची मी स्वतः किती फुशारकी मारली होती! त्या कारखान्यात आपलीच दिलेली सहा जुनी वर्कस्टेशन्स. तपासणी करणाऱ्यांनी सांगितलं, सगळ्यांचं फर्मवेअर नवं करा आणि तसं सर्टिफिकेट आणा. साहेब म्हणाले, "दोन तास बंद ठेवतो, त्यात करा." तू म्हणालास, "दोन दिस लागतील." मी दोघांच्या मधे बसलो. अर्धा तास साहेबांशी झटापट करून दोनाचे चार तास करून घेतले, हात मिळवला आणि बाहेर येऊन तुझ्या पाठीवर थाप मारली, "बघ, डबल करून आणले."

तू म्हणालास, "संपत, तुजा नाव संपत, पन तुजी घासाघीस काय संपत नाय. मी दोन दिस मांगितले ते भाव लावून मांगितले नव्हते रे. तेवढेच लागतात."

मला वाटलं, सगळेच वाढवून सांगतात. मी स्वतः वाढवूनच सांगतो.

चार तासांत तुझी पाच मशीन पुरी झाली. सहाव्याचं फर्मवेअर गेलं, पण सेलची पकड मोडलेली निघाली. बोर्ड बाहेर काढून पकडीला सोल्डरचा डाग द्यावा लागणार होता. वेळ संपली होती. साहेब दारात उभे. हे सगळं मला आता माहीत आहे, तेव्हा नव्हतं. तेव्हा मी वाशीत एका लिलावात होतो आणि तुला फोन केला.

"काय रे, झालं का? साहेबाचे तीन फोन आले. रडगाणं नको, एका शब्दात सांग."

तू जरा थांबलास. मागे साहेबांचा आवाज येत होता. मग तू एका शब्दात सांगितलंस आणि मी फोन ठेवला. संध्याकाळी सर्टिफिकेटवर सही केली. दुसऱ्या दिवशी तपासणीवाले आले, माझा कागद बघितला आणि सहाही मशीनवर कागदी सील चिकटवून गेले. सील तोडायचं तर साहेबांची लेखी परवानगी.

पुढच्या आठवड्यात तू गाळ्यात येऊन माझ्या टेबलापाशी उभा राहिलास. "सहा नंबरचा सेल..." म्हणालास. मी फोनवर एका मोठ्या लॉटचा भाव पाडत होतो. तुझ्याकडे न बघता हात वर केला, थांब म्हणून. फोन संपला तेव्हा सौदा फिसकटला होता आणि तू अजून उभा होतास. मी तुझ्यावर उसळलो. म्हणालो, "जमत नसेल तर करावेला जा आणि जाळी विणत बस." गाळ्यातले सगळे हसले.

त्यानंतर सहा नंबरचं नाव तू माझ्यापुढे काढलं नाहीस. डबा आणत राहिलास, माझ्यापुढे भाकरी सरकवत राहिलास. मला वाटलं, विसरला.

तू गेल्यावर सोमवारी मी गेटवर जाऊन वॉचमनची मान धरली. खरंच धरली. साताऱ्याकडचाच माणूस, म्हातारा. तो म्हणाला, "मालक, सोडा. हिराजीशेठ दर शनिवारी यायचे. आमचा मेन स्विच देखभालीला शनिवारी दुपारी तासभर बंद असतो. तो चालू झाला की हे आत जायचे आणि पाच मिनिटांत बाहेर. मी चेष्टा करायचो, काय हो, सासुरवाडी आहे का आत? तर म्हणायचे, एक म्हातारा हाय, त्याला उठवायला जातो."

"मग वहीत खाजगी का लिहायचा?"

"कामाचा कागद नसला तर तसंच लिहावं लागतं. कागद साहेब देत नव्हते."

का नव्हते देत, ते समजायला मला एक मिनिट लागलं. कागद दिला असता तर काम राहिलंय हे मान्य झालं असतं. माझं सर्टिफिकेट तर म्हणत होतं, राहिलेलं नाही. मशीन उघडायला परवानगी हवी. बटण दाबायला परवानगी लागत नाही. तेवढी एक फट तुझ्यासाठी उरली होती आणि तू दर शनिवारी तिच्यातून आत जात राहिलास. तिथल्या कोणाच्या लक्षातही आलं नसतं. भोंगा बंद असला की खोली शांत असते, आणि खोली शांत आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंच लोक धरून चालतात.

वहिनींनी काल ती शाळेची वही माझ्यापुढे टाकली. दिली नाही, टाकली. "भावजी, वाचा. मना वाचता येतो, पन मना कोनी तरी मोठ्यानं वाचून दाखवायला पायजे. दर शनिवारी आमी जेवायला थांबायचो. मी बोलायची, तुमचे शेठचा मशीन, तर शेठ का जात नाय? तर हसायचे. बोलायचे, शेठला ऐकू येत नाय."

मी वाचलं. पाच मशीनच्या पाच पानांवर खाली तुझा शब्द होता: झाला. सहाव्या पानावर असं होतं: "सेल बदलला नाय. लाईट गेली तर उठनार नाय. साहेबांना सांगितला. मानूस बसवतो बोलले. शेठला फोनवर सांगितला, चालू हाय."

चालू हाय.

मी डोळे मिटून तो फोन पुन्हा ऐकला. लिलावाचा गोंगाट, साहेबांचं बोलणं, तुझं थांबणं, आणि मग तो एक शब्द. तू "झाला" म्हणाला नव्हतास. दोन कान हायेत, एकेक वाटून घे, असं तूच बजावलं होतंस, आणि मी त्या दिवशी दोन्ही कान एकाच शब्दाला दिले होते. इतके दिवस मी तुझ्यावर दात खात होतो की तू मला अर्धवट कामावर सही करायला लावलीस. या लेखाचं पहिलं वाक्य काल वही वाचायच्या आधी लिहिलेलं आहे. ते खोडत नाही. कोण चिडला होता आणि कोणावर, हे दिसू दे. पण त्यातला दुसरा अर्धा भाग खोटा आहे, हिराजी. तू मला फसवलं नाहीस. तू मला आपल्या शब्दात खरं सांगितलंस आणि मी ते ऐकलं नाही.

त्या ओळीखाली तारखा होत्या, एकोणीस शनिवार. प्रत्येकापुढे एकच शब्द: उठवला. उठवला. उठवला. एका ठिकाणी, "उठवला. आज खोलीत पंखा पन बंद, डोका जड वाटला. साहेबांना सांगितला." त्यानंतर आणखी दोन. विसाव्या शनिवारी तारीख लिहिली आहेस, पुढे जागा मोकळी आहे. तारीख घरून लिहून निघायचास वाटतं.

वहिनींनी विचारलं, "पुढं काय लिवलाय?"

मी म्हटलं, "पुढं काही नाही."

कारखाना या सोमवारी पुन्हा सुरू झाला. मधल्या शनिवारी चौकशीमुळे सगळंच बंद होतं. सहा नंबरचं मशीन कोणीतरी बटण दाबून उठवलं आहे. त्याचा पडदा हिरवा आहे, सील जसंच्या तसं आहे, सेल तोच आहे. साहेबांनी मला बुधवारी बोलावलं. चहा मागवला. म्हणाले, "झालं ते वाईट झालं. तुमचं सर्टिफिकेट आहेच. ते तसंच राहू द्या. तुमचं काँट्रॅक्ट आपण चालू ठेवू."

चालू ठेवू. मी आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने टाकलेला भाव न खेचता उठलो. चहाचा कप उपडा करून बशीत ठेवला आणि बाहेर आलो.

आज सकाळी बेलापूरच्या सरकारी कचेरीत जाऊन लिहून दिलं की ते सर्टिफिकेट खोटं आहे, सही माझी आहे, सहा नंबर उघडून सेल बदलेपर्यंत ती खोली बंद ठेवा. तुझ्या वहीची सगळी पानं सोबत जोडली. क्लार्कने कागद दोनदा वाचला. "शेठ, ही तक्रार कोणाविरुद्ध? सही तुमची. ही तर तुमच्यावरच येईल."

"येऊ दे. पण आज येऊ दे. उद्या शनिवार आहे."

"आमचे साहेब सोमवारी येतील," तो म्हणाला आणि कागदावर आवकचा शिक्का मारला. मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, लोक जमले. वीस वर्षं मी लोकांकडून वेळ मागून घेत आलो. आज ती खोली बंद ठेवायला मला दोन दिवस कोणी देईना.

तुझा पेला माझ्या टेबलावर आहे. मी तो उपडा ठेवला आहे आणि त्याच्यासमोर गप्प बसून हे लिहितो आहे. बोललो नाही तर कदाचित ऐकू येईल म्हणून. उद्या दुपारी मेन स्विच बंद होईल, तासाभराने पुन्हा लागेल. पाच मशीन उठतील, कारण ती झाली आहेत. सहावं अंधारात पडून राहील आणि खोली शांत असेल. मी गेटवर उभा असेन. आत सोडणार नाहीत, माझा पास त्यांनी काल रद्द केला. कोणी त्या खोलीत जायला निघालं तर मी आडवा पडेन. माझ्या वाट्याची शिक्षा मी लेखी मागितली आहे, तिच्यात एका दिवसाचीही घासाघीस करणार नाही. चार तास मी ठरवले होते.

पण साहेब, हे तुम्हीही वाचणार आहात, मी तुमच्या गेटवर प्रत देऊन येणार आहे. सहा नंबरसमोर माणूस बसवतो असं तुम्ही हिराजीला बोलला होतात. त्याच्या वहीत तसं लिहिलंय. एकोणीस शनिवार तिथे कोणता माणूस बसवला होतात? आणि उद्या कोणाला बसवणार आहात? नाव सांगा.